हातातला कन्सोल: सुरुवात मेमरी कार्डापासून
जुने व्हिडिओ गेम खेळायचं हे छोटं यंत्र घेण्याआधी मी एकच गोष्ट बघते: नेमक्या त्याच मॉडेलसाठी आर्कओएस, रॉकनिक्स किंवा म्यूओएससारखी मुक्त (ओपन सोर्स) ऑपरेटिंग प्रणाली मिळते का? नुसतं नाव सारखं असून भागत नाही. आतलं पडद्याचं पॅनेल बदललेलं असलं, तर तीच इमेज (कार्डावर चढवायची प्रणालीची फाइल) टाकूनही पडदा काळाच राहू शकतो.

सोबत आलेलं कार्ड बाजूला ठेवा. चांगल्या कंपनीचं नवं मायक्रोएसडी घ्या आणि संगणकावरून बलेना एचर या प्रोग्रामने इमेज चढवा. कार्ड परत लावलं की विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारेल. तिथे कॅन्सलच दाबा. ही प्रणाली लिनक्सवर चालते आणि लिनक्सची पार्टिशन्स (कार्डाचे भाग) त्याला वाचता येत नाहीत, एवढंच. रॉम्सच्या (म्हणजे खेळांच्या फाइल्सच्या) फोल्डरमध्ये जीबी (गेम बॉय), जीबीए (गेम बॉय अ‍ॅडव्हान्स), एनईएस (निन्टेंडोचा जुना टीव्ही कन्सोल) असे कप्पे असतात. फाइल आपापल्या कप्प्यात टाकली की यादीत दिसते.

पहिला खेळ होमब्रूच (हौशी लोकांनी स्वतः लिहिलेला) घ्या, हे मी आग्रहाने सांगते. ‘टोबू टोबू गर्ल’ हा २०१७चा खेळ मूळ गेम बॉयसाठी लिहिलाय, तोही सोर्स कोडसकट खुला. स्वतः लिहायची हौस वाटली, तर अर्डुबॉय हा प्रोग्राम करता येणारा छोटा कन्सोल बघा: १२८ बाय ६४ पिक्सेलचा एकरंगी पडदा, ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरी, आणि त्यातच अख्खा खेळ बसवायचा!

बंद करताना मात्र मेनूतूनच शटडाउन करा, नाहीतर सेव्ह फाइल जाऊ शकते.