एअर रायफलचा फोरएंड निघत नाही? जोर लावण्याआधी या चुका टाळा

पावसाळा अर्धा सरला की पुण्यातल्या नेमबाजांच्या घरांतून एक तक्रार हमखास येते: फोरएंड, म्हणजे नळीखालचा हाताने धरायचा पुढचा भाग, जागचा हलत नाही. सगळे स्क्रू काढले, हाताने ओढलं, तरी ढिम्म. मग घरातलं कोणीतरी टूलबॉक्समधला सगळ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर आणतं, लाकूड आणि नळीच्या फटीत घालतं आणि उचकटतं. अक्रोडाच्या लाकडाचा टवका उडतो, तो परत बसत नाही.

पुण्यात घरोघरी एअर रायफल दिसू लागली त्याला तशी कारणंही आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं आणि तिथली शूटिंग रेंज शहराला मिळाली. २०१२ मध्ये लंडनला गगन नारंगने दहा मीटर एअर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये. आठवी-नववीतली मुलं रेंजवर जायला लागली आणि रायफलची देखभाल आपसूक आईवडिलांच्या गळ्यात पडली. हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी हद्द ठरवून घेऊ. इथे फक्त एअर रायफलबद्दल बोलतो आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच बोरच्या, म्हणजे नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटर असलेल्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. काडतुसाची रायफल असेल, अगदी .२२ सुद्धा, तर अडकलेल्या भागाला घरी हात लावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या.

रिकामी आहे असं गृहीत धरणं

ही चूक सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकीच्या चुकांत फार तर लाकूड जातं. ‘काल रेंजवरून आणली तेव्हा रिकामीच होती’ याला काही अर्थ नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून उघडा, आत पेलेट, म्हणजे शिशाची गोळी, नाही हे डोळ्यांनी बघा. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, असेल तर नारिंगी सेफ्टी फ्लॅगची दोरी नळीतून आरपार घाला आणि काम संपेपर्यंत काढू नका. स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल असेल तर ती कॉक केलेली, म्हणजे स्प्रिंग दाबून झाडायला तयार केलेली, नाही याची खात्री करा. कॉक झालेल्या अवस्थेत स्टॉक, म्हणजे रायफलचं लाकडी अंग, उतरवायचा नसतो. ट्रिगर उघडा पडतो, चुकून दाबला गेला तर नळी झटक्याने मिटते आणि मध्ये बोट असेल तर ते तुटू शकतं.

हवेच्या सिलिंडरची रायफल असेल तर सिलिंडर आधी उतरवा. मॅच रायफलमध्ये तो हाताने फिरवून निघतो, भरलेला असला तरी, कारण त्याचा व्हॉल्व आपोआप बंद होतो. तो वेगळा ठेवा. २०० बार, काही रायफलींत ३०० बार दाबाची हवा आत असताना शेजारी हातोडी आणि गरम सोल्डरिंग आयर्न नको. सिलिंडर रायफललाच कायम बसवलेला असेल तर मॅन्युअलप्रमाणे हवा पूर्ण सोडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि हे काम गॅलरीत बसून करू नका. समोरच्या विंगमधल्या माणसाला एअर रायफल कोणती आणि खरी कोणती हे कळत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, मग वॉचमन येतो, मग कदाचित पोलीस. आतल्या खोलीत, दार लावून, लहान मुलं बाहेर ठेवून बसा.

धरून कोणी ठेवलंय हे न बघणं

फोरएंड निघत नाही म्हणजे काहीतरी त्याला धरून आहे. त्याला धरणारी मंडळी मोजकीच असतात: राहून गेलेला स्क्रू, स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांत लावलेला लॉकिंग गोंद, घामाने झालेला गंज किंवा पाणी पिऊन फुगलेलं लाकूड. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर दुखणं वाढतं. फुगलेलं लाकूड तेलाने सुटत नाही, उलट त्यावर डाग पडतो. गोंदाने धरलेल्या स्क्रूवर नुसतं तेल सोडून उपयोग नाही, गोंद तेलाला जुमानत नाही. म्हणून हत्यार उचलायच्या आधी पाच मिनिटं टॉर्च घेऊन नुसतं बघा.

राहून गेलेला स्क्रू हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. नळी मोडून भरायच्या साध्या रायफलमध्ये फोरएंडच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो आणि ट्रिगर गार्डजवळ एक किंवा दोन. बाजूचे दोन दिसतात म्हणून लोक ते काढतात आणि ओढायला लागतात. मागचा तसाच असतो. बेल्ट अडकवायच्या कडीखाली, पुढच्या टोकाच्या टोपीखाली, रबरी बुचाखालीही स्क्रू लपलेला असू शकतो. काही मॉडेलांत कॉकिंगचा दांडा फोरएंडच्या खोबणीत अडकतो आणि नळी किंचित उघडल्यावरच सुटतो. मॅन्युअलमधलं सुट्या भागांचं चित्र काढा आणि टेबलावरचे स्क्रू त्याच्याशी मोजून घ्या. एक कमी भरला तर उत्तर तिथेच आहे.

मॅच रायफलचा फोरएंड बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या रुळावर सरकतो आणि आतल्या टी आकाराच्या नटने आवळलेला असतो. स्क्रू अर्धवट सैल करून ओढलं तर नट तिरका होऊन रुळात रुततो. पूर्ण काढला तर नट आत पडतो आणि आडवा बसतो. स्क्रू तीन-चार फेरे सैल करा, वरून अंगठ्याने हलकं दाबा म्हणजे नट सुटा होईल, मग रुळाच्या दिशेने सरकवा. टोकाला अडसराची पिन आहे का तेही बघा.

हाताला लागेल तो स्क्रू ड्रायव्हर

घरातला सपाट स्क्रू ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो. तो खाचेच्या तळाला टेकत नाही, वरच्या कडांवरच बसतो, आणि जोर दिला की उसळून बाहेर येतो. येताना खाचेची कड सोलतो आणि लाकडावर ओरखडा ओढून जातो. बंदुकीच्या कामाच्या बिटची दोन्ही अंगं समांतर असतात. बिट खाचेच्या लांबीइतकं रुंद आणि खाचेत हलणार नाही इतकं जाड हवं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सुटी बिटं मिळतात. स्क्रू खिशात घालून जा आणि तिथेच बसवून बघा. एकही स्क्रू निघाला नसेल तर खाचेत मऊ साबण दाबून ठसा घ्या आणि तो न्या.

ॲलन कीचंही, म्हणजे षटकोनी भोकाच्या स्क्रूच्या चावीचंही, तसंच. जर्मन आणि ऑस्ट्रियन मॅच रायफली मिलिमीटरच्या मापात असतात. घरात इंचाचा सेट असतो आणि ‘बसतोय की’ म्हणून तोच फिरवला जातो. ३/३२ इंचाची की म्हणजे २.३८ मिलिमीटर. ती २.५ च्या भोकात जाते, थोडी लुकलुकते आणि पहिल्याच जोरात षटकोनाचे कोपरे गोल करून टाकते. गोल टोकाची की सैल स्क्रू फिरवायला छान, पण घट्ट स्क्रू फोडायला कधीच नको.

की घालण्यापूर्वी भोक साफ केलं का? तिथे शिशाची काळी भुकटी, पॉलिशचं मेण आणि हाताचा मळ यांचा घट्ट थर बसलेला असतो. टूथपिकने टोकरला तर राखाडी वडीसारखा बाहेर येतो आणि की आणखी मिलिमीटरभर आत उतरते. या मिलिमीटरभराने कितीतरी स्क्रू वाचतात.

फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, मग उलट. बारीकसा ‘कट्’ आवाज आला की पकड सुटली. तो ऐकू येईपर्यंत हात संथ ठेवा, झटके देऊ नका.

तेलाची फवारणी

डब्ल्यूडी-४० चा डबा घ्यायचा आणि सगळीकडे फवारायचा, ही सवय सायकलपुरती ठीक आहे. स्टॉकच्या लाकडाने तेल शोषलं की तिथे काळा डाग पडतो आणि स्क्रूभोवतीचं लाकूड मऊ होतं. मग पुढच्या वेळी स्क्रू आवळला की वॉशर आत रुततो.

त्याहून गंभीर म्हणजे तेल रायफलच्या पोटात जाणं. स्प्रिंग रायफलच्या दाबकक्षात तेल शिरलं तर झाडताना ते दाबाच्या उष्णतेने पेटतं. मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो आणि पिस्टनचं सील जळतं. सिलिंडरच्या रायफलमध्ये हवा भरायचं तोंड, व्हॉल्व आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) यांच्या आसपास पेट्रोलियम तेल अजिबात नको. उच्च दाबाच्या हवेसोबत ते पेट घेऊ शकतं. तिथे कंपनी सांगते तेच सिलिकॉन ग्रीस.

तेल लागतंच तेव्हा टूथपिकच्या टोकाने एक थेंब, थेट आट्यांच्या तोंडाशी, आणि रात्रभर थांबा. सकाळी कापडाने टिपून घ्या.

गंज लाल नसतो तेव्हा

मॅच रायफलच्या ॲल्युमिनियम चौकटीत पोलादी स्क्रू असतात. मुलं जाड जॅकेट आणि हातमोजे घालून तास-दीड तास उभी असतात, घाम मनगटावरून फोरएंडवर उतरतो. त्या मिठाच्या ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी, रवाळ भुकटी दिसू लागते. पावडर सांडली असेल समजून लोक ती पुसतात. ते ॲल्युमिनियमचं ऑक्साइड असतं. मूळ धातूपेक्षा त्याला जागा जास्त लागते, म्हणून ते आट्यांत ठासून बसतं.

इथे जुना टूथब्रश, तेलाचा थेंब, रात्रभर विश्रांती आणि मग हेअर ड्रायर. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्क्रूभोवतीची चौकट हाताला चांगली गरम लागेपर्यंत तापवली की भोक स्क्रूपेक्षा जास्त उघडतं. त्याच वेळी फिरवा.

आट्यांवर निळा गोंद दिसला तर उष्णता उलट स्क्रूच्या डोक्याला द्या. तपकीर गल्लीत मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवून ठेवलं की गोंद मऊ होतो. हे फक्त धातूच्या चौकटीत बसलेल्या स्क्रूसाठी. लाकडात बसलेल्या स्क्रूला आयर्न लावलं तर लाकूड करपतं. हीट गन तर घरात नकोच.

फुगलेल्या लाकडाशी झटापट

स्क्रू सगळे निघाले, गोंद नाही, तरी स्टॉक धातूला चिकटून आहे आणि महिना ऑगस्टचा आहे. मग लाकूड फुगलंय. यावर इलाज फक्त वेळ आहे आणि नेमकी तीच गोष्ट द्यायला कोणी तयार नसतं, कारण रविवारी मॅच असते. केसमधून रायफल बाहेर काढा, कोरड्या खोलीत पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत चार-पाच दिवस आडवी ठेवा. उन्हात ठेवू नका. एका बाजूने भराभर वाळलेलं लाकूड तडकतं.

मग पलंगावर गादीच्या वर रायफल उलटी धरा, धातूचा भाग खाली, आणि फोरएंडवर तळहाताने थापट्या मारा. एका जागी नको, पुढेमागे सरकत मारा. हाताने भागलं नाही तर कापड गुंडाळलेला रबरी हातोडा. फटीत पाचर म्हणून काहीही घालायचं नाही, प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा नाही.

स्क्रू गोल झाल्यावरही फिरवत राहणं

डोकं घसरायला लागलं की थांबा. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व घासायची ग्राइंडिंग पेस्ट मिळते. तिचा हरभऱ्याएवढा गोळा खाचेत भरला की तिच्या खरखरीत कणांमुळे बिट घट्ट धरतं. काम झालं की पेस्टचा कणन्‌कण पुसून काढा, रायफलच्या आत गेली तर तिथलं सगळं घासून टाकेल. त्यानेही नाही निघाला तर डाव्या आट्याचं ड्रिल बिट हा पुढचा मार्ग आहे, पण तो घरच्या हातड्रिलने करायचा नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे द्या किंवा रेंजवर प्रशिक्षकांना विचारा. रायफल दुरुस्त करणारं भरवशाचं माणूस त्यांना नक्की माहीत असतं.

याच रांगेतली दुसरी चूक म्हणजे स्टॉक निघाल्याच्या उत्साहात पुढे जाणं. स्प्रिंग रायफलमध्ये ट्रिगरचा ठोकळा आणि त्याच्या पिना स्प्रिंगला मागून अडवून धरतात. ती स्प्रिंग रायफल कॉक नसतानाही थोडी दाबलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) पिन काढली तर ठोकळा सुटून तोंडावर येऊ शकतो.

परत बसवताना

प्रत्येक स्क्रू कोणत्या भोकातला हे लिहून ठेवा, सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुढच्या स्क्रूंखालचे दातेरी वॉशर विसरू नका. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जाणार असेल तर आट्यांवर अँटी-सीझ पेस्टचा, म्हणजे स्क्रू जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा, पुसट थर द्या. सगळे स्क्रू आधी हाताने टेकवा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा, शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला लावून आवळा. ‘अजून अर्धा फेरा’ हा मोह आवरला तर पुढच्या वर्षी हाच लेख शोधावा लागणार नाही.

स्टॉक काढून घातला की नेम सरकतो, कधी साइटच्या चाकाचा एखादा क्लिक, कधी सात-आठ. म्हणून हे काम मॅचच्या आदल्या रात्री काढू नका. रेंजवर जाऊन आधी वीसेक शॉट झाडून साइट लावून घ्या आणि दहा-बारा शॉटनंतर पुढचे स्क्रू पुन्हा एकदा तपासा, लाकूड बसतं तसे ते सैल होतात. घरी आल्यावर रायफल फोमच्या केसमध्ये लगेच बंद करून माळ्यावर टाकू नका. फोरएंड आणि स्क्रूची डोकी कोरड्या कापडाने पुसा, रात्रभर केस उघडी ठेवा आणि जून ते सप्टेंबर तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पंधरवड्याला बदला.