‘देवानं आता उचलावं’ म्हणणाऱ्या रुग्णाशी कसं बोलावं

कॅन्सर शेवटच्या टप्प्यात गेलेला माणूस बाजेवर पडल्या पडल्या म्हणतो, “देवानं आता उचलावं.” घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, “अण्णा, असं अभद्र बोलू नका, काही होत नाही तुम्हाला.” अण्णा भिंतीकडं तोंड करतात. घरच्यांना वाटतं, शांत झाले. खरं तर त्यांनी बोलणं सोडलेलं असतं.

बोलायला बसण्याआधी अंगाचं दुखणं बघा. “दहा बोटांपैकी किती बोटं दुखतंय?” असं दिवसातून तीनदा विचारून आकडा वहीत लिहा. डॉक्टरांनी मॉर्फिनची, म्हणजे जोरदार दुखणं थांबवणाऱ्या औषधाची, साधी गोळी दर 4 तासांनी सांगितली असेल तर ती घड्याळ बघून द्या. ‘नशेची गोळी’ म्हणून रुग्ण मागेपर्यंत थांबलात, की दुखणं वर चढतं आणि मग तेवढीच गोळी पुरत नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. चार दिवस संडास न झालेला माणूसही जीवाला कंटाळतो. एकाएकी बरळणं, घरचीच माणसं न ओळखणं सुरू झालं तर त्याला निराशा समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दुपारी, भेटायला येणारे पाहुणे नसताना बसा. पायथ्याशी उभं राहू नका. डोळ्याला डोळा भिडेल असं जवळ बसा. “मनात काय येतं हो दिवसभर?” एवढंच विचारा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता सहन होत नाही म्हणूनच बहुतेक जण मध्येच धीर द्यायला लागतात.

“माझ्यामुळं घर बसलं,” असं ते म्हणाले, तर “पैशाचं काय एवढं!” म्हणू नका. “रान विकल्याचं मनाला लागलंय का?” असं विचारा. हो म्हणाले तर खरा हिशोब सांगा: किती फिटलं, किती राहिलं, कोण फेडणार. लपवलेलं कर्ज त्यांना ठाऊक असतं, त्याचा आकडा मात्र मनात मोठा होत जातो. यंदा सोयाबीन पेरायचं की तूर, हेही त्यांनाच विचारा. पण विचारलंत तर तसंच पेरा. विचारून भलतंच केलं तर आपल्या शब्दाला किंमत उरली नाही, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

“मी कुणाचं काय वाईट केलं?” याला उत्तर नसतं. भोग, प्रारब्ध यांवरचं प्रवचन तर मुळीच नको. “हा प्रश्न लई छळतो ना?” एवढं पुरतं. हरिपाठ, कुराण की बुद्धवंदना, काय ऐकायचं आणि ऐकायचं का, हेही विचारूनच.

‘उचलावं’ म्हणणं वेगळं आणि ‘मीच काहीतरी करून घेतो’ म्हणणं वेगळं. सरळ विचारा, “स्वतःच्या जीवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध आणि गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी अशा रुग्णांसाठी डिग्निटी थेरपी बसवली, म्हणजे रुग्णाच्या आयुष्याबद्दलचं त्याचंच बोलणं नोंदवून आपल्या माणसांसाठी कागदावर ठेवायची पद्धत. तिच्यावरचा त्यांचा अभ्यास 2005 साली छापून आला. घरी तिचा साधा भाग करता येतो. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, एका वेळी 15 मिनिटं. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल तर आवाज जाण्याची वाट पाहू नका. “कोणत्या कामाचा तुम्हाला अभिमान वाटतो?”, “नातवंडांनी तुमचं काय लक्षात ठेवावं?” असे दोन-तीन प्रश्न बास. ज्यानं विहीर खणली, तो पाणी किती हातांवर लागलं तिथून सुरुवात करील, करू द्या. मग त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा आणि वाचून दाखवा. भावकीतल्या कुणाबद्दल रागात काही बोलले असतील तर “हे ठेवायचं का?” असं विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोडा. कागद कुणाला द्यायचा, तेही त्यांनीच ठरवायचं.