मशीन स्लोला थांबत नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली-मंडणगडाकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. पुढचे दोन महिने गॅरेजात मोटरसायकली मागे सरकल्या आणि चेनसॉची, म्हणजे झाडं कापायच्या पेट्रोलवरच्या करवतींची, रांग लागली. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेलं, चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, आणि त्याच्याशी ओळख जुन्या स्कूटरपुरती. येणाऱ्या बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच. "चालू होतं, रेस दिली की पळतं, पण स्लोला थांबत नाही." म्हणजे रेस सोडली की बंद पडतं. तुम्ही या कामात नवीन असाल तर पहिल्या आठवड्यातच हे वाक्य ऐकाल.

कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, बहुतेक तीन स्क्रू दिसतात. एल म्हणजे स्लोचं पेट्रोल, एच म्हणजे फुल रेसचं. तिसरा एलए किंवा टी, तो नुसता बटरफ्लाय, म्हणजे कार्बोरेटरमधली झडप, रेस सोडल्यावर किती उघडा राहील ते ठरवतो. मी हा तिसरा आत पिळला आणि मशीन बंद पडायचं थांबलं. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी तेच काका एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात गमबूट घेऊन आले. बुटाच्या टोकाला बोटभर लांब चीर. रेस सोडून त्यांनी मशीन खाली टेकवलं तरी चेन फिरतच होती. तिने जमिनीतलं मूळ पकडलं आणि मशीन पायावर आलं. बोटं वाचली ती बूट एक नंबर मोठा होता म्हणून.

वस्तादांनी माझी यथेच्छ काढली आणि कार्बोरेटरचा स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या खिशात घातला. आठ दिवस तो मला मिळाला नाही. मी जे काही शिकलो ते त्या आठ दिवसांत.

चेनसॉचं स्लो साधारण २७०० ते ३००० आरपीएमला असतं. क्लचचे गुटके स्प्रिंगने आत ओढलेले असतात, वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात आणि चेन फिरते. स्लो जास्त ठेवलं की गुटके ड्रमला घासायला लागतात. स्लो बरोबर असूनही चेन फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग ताणलेली किंवा तुटलेली असते. क्लचला उलटे आटे असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उघडायचा म्हणून जोर लावून उलट घट्टच करत बसलो होतो.

स्क्रूड्रायव्हर नसल्यामुळे आधी पेट्रोल हुंगायची सवय लागली. शिळ्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. गेल्या पावसाळ्याआधी भरलेलं तसंच टाकीत, आणि वादळानंतर थेट दोरी ओढलेली, अशी कितीतरी मशीनं आली. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि रबराला कडक करतं. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता हेही विचाराच. चांगलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, आणि कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच. आपल्याकडे ऑइल झाकणाने मोजतात, आणि झाकण कुठल्या बाटलीचं ते कोणी सांगत नाही.

एअर फिल्टर, टाकीतला फिल्टर, प्लग, सायलेन्सरची जाळी: हे दहा मिनिटांचं काम, त्यावर जास्त लिहीत नाही. प्लगचा गॅप अर्धा मिलिमीटर.

खरी मेख आहे ती हवा घेण्यात. रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता तरंगत राहत असेल, स्लो आपोआप वर-खाली होत असेल, तर कुठूनतरी चोरटी हवा शिरते आहे. चेन ब्रेक लावून, मशीन स्लोला चालू ठेवून ते पुढे, मागे, कुशीवर कलवा. कलवल्यावर आवाज बदलला तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर, क्रँकचं ऑइल सील, नाहीतर कार्बोरेटरचा पडदा, यांच्याकडे बघा. रबराला पडलेली भेग चिमटीत वाकवल्याशिवाय दिसतच नाही. अशा मशीनला स्क्रू फिरवून तात्पुरतं चालवलं तर मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. त्याबरोबर ऑइलही कमी, आणि पिस्टन चिकटतो. मग दुरुस्ती मशीनच्या किमतीशी स्पर्धा करते.

पडदा म्हणजे डायफ्राम. नवा पडदा बोटाने दाबला तर साबणाच्या फेसासारखा गप्प बसतो, जुना कडकड वाजतो. वाजला की बदलायचा, सोबत पॅकिंगही. त्याखालच्या बारीक सुईची पट्टी वाकवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.

हे सगळं ठीक असेल तरच स्क्रू. इंजिन गरम हवं, फिल्टर स्वच्छ, चेनचा ताण नीट. एल हलक्या हाताने तळाला टेकवून साधारण एक फेरा बाहेर. रेस देताना मशीन गुदमरलं तर एल थोडा बाहेर, धूर करत जड चाललं तर थोडा आत. मग ब्रेक सोडून, चेन मोकळी हवेत धरून, तिसरा स्क्रू चेन फिरायला लागेपर्यंत आत, आणि तिथून पाव ते अर्धा फेरा मागे. चेन पूर्ण थांबली नाही तर मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, तो कितीही घाईत असला तरी.

स्क्रूड्रायव्हर परत मिळाला त्याच दिवशी एक आजोबा मशीन घेऊन आले. पाच मिनिटं छान स्लो, मग बंद. मी टाकीचं झाकण सैल केलं तर फुस्स आवाज झाला आणि मशीन पुन्हा चालू. टाकीला हवा घ्यायचं भोक भुशाने बुजलेलं. काडीने साफ केलं, पंधरा मिनिटं चालवून दाखवलं आणि पन्नास रुपये सांगितले.

"काडी घातल्याचे पन्नास?" आजोबा म्हणाले.

वस्ताद आतून ओरडले, "कुठल्या भोकात घालायची त्याचे!"