किल्ला मुलांचा, मुकादम बाबा : नेतृत्व शिकवताना या चुका टाळा

दिवाळीच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, दगड आणि तांबड्या मातीचा ढीग दिसायला लागतो. सात ते चौदा वर्षांची आठ-दहा मुलं, चार बाय पाच फुटांची जागा, पाच-सहाशे रुपये वर्गणी आणि पुढे न ढकलता येणारी तारीख. नेतृत्व शिकायला याहून चांगली जागा नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात माइक हातात मिळतो. इथे निम्मी पोरं अर्धवट तटबंदी सोडून क्रिकेटला पळाली तर काय करायचं, हे ठरवावं लागतं. पण तिसऱ्या दिवशी बघावं तर बाबा उकिडवे बसून बुरूज लिंपताहेत आणि मुलं त्यांना मगाने पाणी आणून देताहेत.

मातीत हात घालणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती प्रेमापोटी होते. मोठ्या माणसाचा हात लागला की बुरूज गोल होतो, काम तासाभरात उरकतं आणि 'आपल्याला जमत नव्हतं' एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक गोष्ट विचारायला येतात. "काका, दरवाजा इकडे करू का?" यावर "कर" किंवा "नको" यांपैकी काहीही म्हटलं तरी निर्णय तुमचा झाला. "तुमचं काय ठरलंय?" एवढंच विचारा आणि थांबा. मूल गप्प राहिलं तर दहा सेकंद तुम्हीही गप्प राहा. ते दहा सेकंद फार जड जातात, हे खरं.

माहिती द्यायला मात्र हरकत नाही, विचारल्यावर. भिंतीला भेगा पडल्या आणि मुलं कारण विचारायला आली तर सांगा : काळी माती वाळताना आकसते, थर जाड असेल तर जास्तच फाटते. तांबडी माती चाळून घ्यावी. काळीच असेल तर तीन घमेल्यांत एक घमेलं वाळू मिसळावी. गोणपाट आधी पातळ राड्यात बुडवून विटा-दगडांवर पसरावं, मग वरून बोटभर जाडीचा लेप द्यावा. पाडायचं की भेगा बुजवायच्या, ते त्यांनी ठरवावं.

जो मोठ्याने बोलतो तो नेता

"तू मोठा ना, तू लीडर" असं म्हणून बारा वर्षांच्या मुलाकडे सगळं सोपवलं, की तो बाकीच्यांवर ओरडायला लागतो. त्याचा फारसा दोष नसतो. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मॉनिटर, एवढीच नेतृत्वाची ओळख शाळेत झालेली असते.

यावरचा तोडगा किल्ल्यातच आहे. शिवकाळात अख्खा गड एकाच माणसाच्या भरवशावर सोडत नसत. गडाचा ताबा आणि चाव्या हवालदाराकडे, हजेरी नि हिशेब सबनिसाकडे, धान्य नि सामानाचा साठा कारखानिसाकडे. मुलांतही हीच तीन पदं करा. हवालदार रोजचं काम वाटून देईल. सबनीस वहीत आलेल्यांची नावं आणि खर्च लिहील. घमेली, थापी, मावळे, अळिवाची पुडी कारखानिसाच्या ताब्यात. हवालदाराला नवीन मावळे हवे असतील तर पैसे सबनिसाकडे मागावे लागतात. तिथे हुकूम चालत नाही, समजवावं लागतं. कमी बोलणारं मूल बहुधा उत्तम कारखानीस होतं. वस्तू त्याच्याकडे असल्यामुळे सगळ्यांना त्याच्याशी बोलावंच लागतं.

पदं रोज बदलू नका. कालच्या चुकीचं खापर आज दुसऱ्याच्या डोक्यावर फुटतं. चार दिवसांनी एकदा बदलली की पुरे.

किल्ला निवडतानाही कामाच्या वाटणीचा विचार व्हावा. राजगड त्यासाठी फार सोयीचा : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला. तीन गट आपापली माची करतात आणि बालेकिल्ल्यासाठी तिघांना एकत्र यावं लागतं. एकाच उंच डोंगरावर एकच वाडा असला की दोघं काम करतात नि सहा जण बघत उभे राहतात.

पद दिलं, पैसे दिले नाहीत

वर्गणी आईकडे, खरेदी बाबांकडे, आणि मूल म्हणे सबनीस! पाचशे रुपये वहीसकट त्याच्या हातात द्या. शेवटी तीस रुपयांचा मेळ लागला नाही तर गुपचूप भर घालू नका. पैसे कुठे गेले, हे सगळ्यांसमोर वही उघडून शोधू द्या. पहिल्याच दिवशी निम्मे पैसे तोफांवर उडाले, तर उरलेल्यांत भागवायचं.

परवानगीचंही तेच. जागेसाठी सेक्रेटरी काकांना पालकांनी फोन करू नये. दोन मुलांनी जावं आणि तीन गोष्टी सांगाव्यात : किती जागा लागेल, किती दिवस लागेल, नंतर साफ कोण करणार. घरी एकदा म्हणून बघितलं की पुरे. काकांनी नकार दिला तर दुसरी जागा शोधणं हेही कामच.

विजेच्या माळेचं कनेक्शन, रस्त्याकडेची खोदाई, विटा फोडणं आणि फटाके यांचे निर्णय मात्र मोठ्यांकडेच राहतील. पहिल्या दिवशीच तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मध्येच हुकूम सोडल्यासारखं वाटत नाही.

भांडण मिटवायला धावणं

मारामारी होत नसेल तर जाऊ नका. दोघांना हवालदारच व्हायचं असेल तर त्यांना चार-चार दिवस वाटून घेता येतात, पण ते त्यांना सुचू द्या. पंधरा मिनिटांनीही गाडं अडलेलं असेल तर जाऊन निकाल न देता पद्धत सुचवा : आधी प्रत्येकाने आपलं म्हणणं सांगायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही, मग हात वर. मतदानात सर्वांत लहान मुलाला पहिल्यांदा हात वर करू द्या; नाहीतर ते दादाकडे बघूनच हात उचलतं.

मुलं गळत असतील तर

आधी बघा, त्यांच्या वाट्याला फक्त पाणी आणणं आलंय का. ज्या कामात काहीच ठरवायचं नसतं, तिथून सात वर्षांचं मूल तासाभरात उठतं. त्यालाही एक गोष्ट पूर्ण द्या : पाण्याचं टाकं कुठे, ते त्याने ठरवायचं. मुलींच्या वाट्याला सवयीने समोरची रांगोळी येते, तेही तपासा. तटबंदी कोण बांधतंय?

आणि अळीव. ते लक्ष्मीपूजनाच्या पाच-सहा दिवस आधी ओल्या मातीवर पेरलं आणि रोज हलकं पाणी शिंपडलं, तरच सणाला गड हिरवा दिसतो. हे पहिल्या दिवशी एकदाच सांगा. रोज आठवण करत बसलात तर अळिवाचे कारखानीस तुम्हीच. विसरली मुलं, तर यंदा गड बोडका राहील. त्या दिवशी "मी म्हणालो होतो ना" हे वाक्य गिळायचं, आणि शेजारच्या बिल्डिंगचा हिरवागार किल्ला दाखवायलाही न्यायचं नाही.

भाऊबीजेनंतर

इथे जवळजवळ सगळेच चुकतात. फोटो निघाले, कौतुक झालं, आणि मातीचा ढीग वॉचमनच्या गळ्यात. पाडायचा दिवस पहिल्याच बैठकीत वहीत लिहून घ्यावा. माती झाडांच्या आळ्यात, विटा रचून भिंतीला, गोणपाटं धुऊन वाळत. मावळे बुटांच्या खोक्यात, कागदात गुंडाळून. किती होते, किती फुटले याचा आकडा खोक्याच्या झाकणावर, आणि खाली कारखानिसाची सही.