घरी कार लिफ्ट बसवताय? या चुका टाळा, नाहीतर पावसाळ्यात मला फोन कराल

मी गाडी वर उचलून खालून काम करायच्या लिफ्ट बसवतो. लिफ्ट घ्यायचीये म्हणून ज्याचा फोन येतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, चार टनी केवढ्याला पडल?" शेडखाली काय आहे, पत्रा किती उंचीवर आहे, घरात सिंगल फेज आहे का थ्री फेज, हे कुणी स्वतःहून सांगत नाही. मी विचारलं तर वैताग, की हा माणूस भाव सांगायचं सोडून चौकश्या कामून करायला. अहो, लिफ्ट सगळ्यात शेवटी निवडायची असते, आधी जागा बघायची.

पहिली चूक, आणि आपल्या मराठवाड्यात हीच सगळ्यात महागात जाते, ती म्हणजे फरशीवर भरवसा. परभणीत एका वकीलसाहेबांचा बंगला, प्लॉट पाडायच्या आधी तिथं कपाशीचं रान होतं. पार्किंगला वरवर मुरूम टाकून कोबा केलेला, त्यावर चकाचक पार्किंग टाइल्स. कुठल्यातरी बंद पडलेल्या गॅरेजातून टू पोस्ट, म्हणजे दोन खांबांची, लिफ्ट स्वस्तात उचलली आणि सोबत आलेल्या फिटरनं टाइलमधूनच भोकं पाडून फास्टनर, म्हणजे जमिनीत धरणारे बोल्ट, ठोकून दिले, काम एका दिवसात खल्लास. उन्हाळाभर सगळं झकास चाललं, साहेब येणाऱ्या जाणाऱ्याला बोलेरो वर करून दाखवायचे. जुलैत फोन आला की एका बाजूचा खांब जरा कलल्यासारखा वाटायलाय. जरा म्हणजे किती ते जाऊन बघितलं, ओळंबा सोडला तर खाली दीड बोटाचा फरक, आणि बोलेरो वरच टांगलेली. आधी ती खाली घेतली. बाहेरच्या बाजूच्या एका बोल्टला पाना लावला तर तो नुसता फिरायलाच लागला, मग हातानंच उपसला, सोबत टाइलचे तुकडे आन भुगा. शेजारी ड्रिल लावलं तर दोन-अडीच इंचात बिट खडकन खाली गेलं, बाहेर काढलं तर टोकाला ओली काळी माती चिकटलेली. वकीलसाहेब वाकून बघून म्हणाले, "ही तर रानातलीच माती हाय की!" व्हय साहेब, रानातलीच, ती कुठं जाणार.

काळी माती पाणी पिली की फुगते आणि उन्हात आवळते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण लहानपणापासून बघतो, पण घराच्या पार्किंगखाली तीच माती आहे हे सोयीस्कर विसरतो. टू पोस्टमध्ये गाडीचं सगळं वजन खांबातून निघणाऱ्या आर्मवर, म्हणजे हातांवर, लोंबकळत असतं, त्यामुळं दोन्ही खांब गाडीकडं झुकायला बघतात आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर उपसायला बघतात. ते बोल्ट धरून ठेवतं फक्त काँक्रीट. टाइल धरत नाही, शहाबादी फरशी धरत नाही, कोबा तर नाहीच नाही. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलात कमीत कमी चार इंच चांगलं काँक्रीट लिहिलेलं असतं, काहींच्यात सहा. माझा हिशोब साधा आहे, काळ्या मातीत आठ इंचाच्या खाली मी बसवत नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालल. माती काढायची, मुरूम लागला तर नशीब, नाहीतर जमंल तेवढं खोल जाऊन मुरूम भरायचा, थर टाकत, पाणी मारत, दाबत. वर जाळी बांधून एम-25 ग्रेडच्या काँक्रीटचा स्लॅब, आणि दोन्ही खांब एकाच स्लॅबवर आले पाहिजेत, दोन वेगळे ठोकळे ओतले की पावसाळ्यात एक उठतो आन एक बसतो. सळई जालन्याची घ्या नाहीतर कुठलीही, पण जाळी सोडू नका.

मग येतो उतावळेपणा. काँक्रीट टाकून आठवडा झाला की फोन, "भाऊ, दगड झालाय बघा, उद्या येताव का?" वरून दगडच दिसणार. 28 दिवस थांबायचं, पाणी मारत राहायचं. पोरीचं लग्न जमवायला वर्षभर थांबणारी माणसं लिफ्टला तीन आठवडे थांबत नाहीत, मला हे कोडं सुटलेलं नाही. आधीचा स्लॅब किती जाड आहे माहीत नसेल तर कोपऱ्यात एक भोक पाडून बघा. बांधकाम करणाऱ्या मिस्त्रीच्या शब्दावर जाऊ नका, त्याच्या तोंडात कायम सहा इंचच असतात.

उंची. इथं गणित चौथीतल्या पोराला जमंल असं असतं तरी चुकतात. जुनी स्कॉर्पिओ जवळपास दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. तुम्हाला खाली ताठ उभं राहायचंय, ते सहा धरा. झाले साडेबारा, आणि तुमचा पत्रा अकरा फुटावर. पत्र्याखालची लोखंडी कैची कुठं आहे, पंखा कुठं लटकतोय, शटरचा रोल कुठं येतो हे मोजताना धरतच नाहीत. बऱ्याच टू पोस्टला वर आडवा बीम असतो, तो बाराच्या आसपास जातो. कमी उंचीच्या शेडला खालून पट्टी जाणारी बेसप्लेटवाली मिळते, तिच्यात गाडी आत घेताना पट्टीवरून चढवावी लागते. स्विफ्टसारखी पाच फुटी गाडी असेल तर अकरात भागतं. पण डोक्यावरचा स्लॅब नऊ-दहा फुटावर असेल तर फुल हाइटचा नाद सोडा, मिड-राइज सीझर, म्हणजे गाडीखालून कात्रीसारखी उघडत अर्ध्या उंचीपर्यंत उचलणारी, घ्या, ब्रेक, टायर, डेंटिंग आरामात होतं. गिअरबॉक्स उतरवायला मात्र सीझर कामाची नाही, मधली जागा तीच अडवून बसते.

फोर पोस्ट, म्हणजे चार खांबांची, जिच्यात गाडी चाकांवरच उभी राहते, ती घेणाऱ्याला आधी विचारतो की कशाला पायजे. खाली एक वर एक गाडी लावायचीये, तर उत्तमच. पण चाकं मोकळी पाहिजेत तर तिला वेगळा जॅक बीम, म्हणजे गाडी चाकांवरून उचलायचा आडवा जॅक, लागतो, तो खर्च दुकानदार शेवटी सांगतो.

टनाचं एकच सांगतो. चार टनी म्हणजे चारही आर्मवर मिळून चार, एकेका आर्मला एकच टन. पुढं इंजिन असलेली गाडी पुढच्या आर्मवर जास्त बसते, त्यामुळं गाडी कशीही मधोमध उभी केली की झालं असं नसतं. आणि आर्मवरचं पॅड गाडीच्या जॅकिंग पॉइंटलाच, म्हणजे जॅक लावायच्या जागीच, पत्र्याला नाही.

लाईटचं दुखणं सगळ्यांना माहीत असून कुणी मनावर घेत नाही. लिफ्टची मोटर साधारण तीन एचपीची असते, ती किचनच्या प्लगवरून एक्स्टेन्शन ओढून चालवणारे महाभाग बघितलेत. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुमते आन वाइंडिंग जातं. मीटरपासून वेगळी लाइन, जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी. थ्री फेज असेल तर शेतातल्या मोटरीला लावता तसा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारा, लावा, डीपीवरून एक फेज जायला आपल्याकडं कारण लागत नाही.

गावातल्या वेल्डरकडून लिफ्ट बनवून घेऊ नका. गेट चांगलं करतो म्हणून लिफ्ट चांगली करल असं नाही.

जुनी घेताय तर रंगावर जाऊ नका, नवा रंग दिसला की मी उलट जास्त बारकाईनं बघतो. केबलच्या तारा तुटल्यात का, आर्मच्या पिना झिजल्यात का, आणि गाडी वर अडवून धरणारे लॉक दोन्ही खांबांत एकदम टक् वाजतात का. गाडी वर गेली की थोडी खाली सोडून लॉकवर बसवायची, ऑइलच्या भरवशावर ठेवून खाली शिरायचं नाही, सिलिंडरचं सील कधी जाईल ते सील सांगत नसतं. आता याच्यात गंमत अशी की लॉकवरून सोडवायला बहुतेक लिफ्टमध्ये गाडी आधी थोडी वर घ्यावी लागते, म्हणजे लाईट गेली की गाडी वरच. म्हणून पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या की पॉवर पॅकला, म्हणजे मोटर-पंपाच्या डब्याला, हँडपंप बसतो का, आणि बसतो म्हणाला तर तिथल्या तिथं मेन स्विच पाडून चालवून दाखव म्हणा.