कोपराच्या शस्त्रक्रियेला हात घालण्याआधी

आठ महिन्यांची लॅब्रॉडॉर मादी. मालक म्हणाले, "उठल्यावर थोडी अवघडते, मग चालली की मोकळी होते." मी एक्स-रे काढला. त्यात ठळक काही दिसलं नाही, म्हणून वाढत्या वयातली हाडदुखी समजून गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी ती परत आली. आर्थ्रोस्कोप (सांध्यात घालायचा बारीक कॅमेरा) आत गेला तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूची कूर्चा घासून गेली होती आणि खालचं हाड पिवळट, गुळगुळीत दिसत होतं. ते महिने मी वाया घालवले होते. ऑर्थोपेडिक्समध्ये नव्यानं येणाऱ्यांना मी हीच केस आधी सांगतो, कारण माझी चूक शस्त्रक्रियेत नव्हती, तपासणीत होती.

तिची दोन्ही कोपरं दुखत होती. एकच पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो, म्हणून लंगडणं पटकन डोळ्यात भरतं. दोन्ही पाय दुखत असतील तर डोकं हलत नाही, फक्त पावलं आखूड पडतात. कोपर डिस्प्लेशियात, म्हणजे वाढताना कोपराचा सांधा नीट न घडण्याच्या आजारात, दोन्ही बाजूंना आजार असणं नेहमीचंच आहे. त्यामुळे कुत्रा नुसता उभा असतानाही नीट बघा: कोपरं अंगाला चिकटलेली आणि पंजे बाहेर वळलेले दिसले तर तपासायला तेवढं पुरे आहे.

मग हात लावा. कोपर वाकवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा आणि आतल्या बाजूला, मीडियल कोरोनॉइडच्या (अल्ना या पुढच्या पायाच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या टोकाच्या) जागी, अंगठ्यानं दाबा. नंतर कोपर पूर्ण सरळ करून पाहा. कुत्रा ओरडेल याची वाट बघू नका. तो ओठ चाटतो, मान वळवून तुमच्या हाताकडे पाहतो, क्षणभर धापणं थांबवतो. हे टिपायचं असेल तर एक डोळा कायम त्याच्या तोंडावर हवा.

एक्स-रेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोरोनॉइडचा तुटलेला तुकडा साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, कारण त्याच्यावर रेडियसची, म्हणजे अल्नाशेजारच्या हाडाची, सावली पडते. आपण शोधायच्या त्या त्याच्या खुणा. कोपर वाकवून बाजूनं काढलेल्या फिल्ममध्ये अँकोनियल प्रोसेसच्या (अल्नाच्या खाचेवरच्या चोचीसारख्या टोकाच्या) कडेवर वाढलेलं हाड बघा आणि अल्नाच्या खाचेखाली हाड जास्त पांढरं झालंय का ते बघा. आंतरराष्ट्रीय एल्बो वर्किंग ग्रुपच्या पद्धतीत ही वाढ 2 मिमीपेक्षा कमी असेल तर पहिली श्रेणी, 2 ते 5 मिमी दुसरी, त्याहून जास्त तिसरी. पण तरुण कुत्र्यात आजार असूनही फिल्म स्वच्छ येऊ शकते. मी फसलो तो इथेच. शंका असेल तर सीटी स्कॅन करा. तुकडा आणि भेग त्यात दिसते, कूर्चेची खरी अवस्था मात्र स्कोपमधूनच कळते.

जर्मन शेफर्डमध्ये अँकोनियल प्रोसेस अल्नाला जुळला नसल्याचं निदान 20 आठवड्यांच्या आधी करू नका. तोवर तो जुळायचा बाकी असू शकतो.

स्कोप हातात येईल तेव्हा घाई वाटेल, ती आवरा. मी आधी मृत कुत्र्यांच्या कोपरांवर सराव केला आणि दर वेळी नंतर सांधा उघडून बघितला. पहिल्यांदा उघडला तेव्हा माझी वाट अल्नर नसेच्या (मज्जातंतूच्या) अगदी शेजारून गेलेली दिसली. ही नस मीडियल एपिकॉन्डाइलच्या, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या, मागून जाते. त्या दिवसापासून छेद घेण्याआधी बोटानं तिची जागा चाचपल्याशिवाय मी पुढे जात नाही. सुई सांध्यात गेली की नाही हे सिरिंज सांगते: द्रव भरून अंगठा काढला की दट्ट्या आपोआप मागे सरकतो.

आत गेल्यावर खरा निर्णय असतो. तुकडा सुटला असेल तर तो काढतात, आजारी कोरोनॉइडचा भाग कापतात. न जुळलेल्या अँकोनियल प्रोसेससाठी अल्ना कापून सांध्यावरचा ताण कमी करतात, काही वेळा सोबत स्क्रूही घालतात. आतली बाजू पुरती झिजली असेल तर ह्युमरस (दंडाचं हाड) किंवा अल्ना कापून भार बाहेरच्या बाजूला वळवायच्या शस्त्रक्रिया आहेत. कृत्रिम कोपर बसवताही येतं, पण त्यातली गुंतागुंत गंभीर असते. सांधा कायमचा जखडणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि दुसरं कोपरही खराब असेल तर माझ्या मते तो टाळावाच.

मालकांशी बोलताना मी एक वाक्य कधीच गाळत नाही: "वेदना कमी करण्यासाठी आपण ऑपरेशन करतोय, पण सांधा पूर्वीसारखा होणार नाही आणि संधिवात पुढे वाढत राहील." काही जण हिरमुसतात. पण हे आधी ऐकलेलं असलं की वजन आटोक्यात ठेवणं, पहिले काही आठवडे पट्ट्यावरच फिरवणं, दुखणं वाढलं की वेळेवर येणं, हे सगळं ते मनापासून करतात.

त्या लॅब्रॉडॉरच्या प्रत्येक भेटीत मी दंडाचा घेर टेपनं मोजायचो, दोन्ही पायांचा, दर वेळी त्याच उंचीवर, तिला उभी ठेवून. तिसऱ्या भेटीत आकडा वाढला, म्हणजे स्नायू परत भरत होता. तिच्या मालकांनी तो माझ्या आधी वाचला.