चौकोनी भोकाची जुनी नाणी: ओळखायची कशी आणि किंमत ठरवायची कशी

मधे चौकोनी भोक असलेलं जुनं नाणं हातात आलं की बहुतेक जण सगळ्यात आधी ते घासतात, आणि तिथंच किंमत पडते. प्लीज घासू नका. मी सुरवातीला एका मिक्स लॉटमधलं चीनच्या सोंग घराण्याच्या काळातलं मोठं नाणं पितळी ब्रशने चकचकीत केलं होतं, कित्येक शतकं जमलेला गडद हिरवा थर दहा मिनिटांत गेला आणि खाली उरली ती ओरखडे पडलेली पिवळट चकती, अजून ती बघितली की वाईट वाटतं. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत रहा, बस.

आता नाणं सरळ कसं धरायचं, कारण अक्षरं वाचता येत नसतील तर वरची बाजू कुठली तेच कळत नाही. चार अक्षरांच्या नाण्यावर एक अक्षर असतं 'बाओ', म्हणजे मौल्यवान वस्तू. सहसा चारांत सगळ्यात गिचमिड तेच असतं, वर छपरासारखी रेघ आणि अगदी खाली दोन छोटे पाय. ते डाव्या हाताला येईल असं नाणं फिरवा, झालं सरळ. मग 'थोंग' शोधा, त्याला डावीकडून खाली येऊन उजवीकडे लांब पसरलेली रेघ असते, होडीच्या तळासारखी. थोंग उजवीकडे असेल तर वाचायचं वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. थोंग तळाशी असेल तर घड्याळाच्या काट्यासारखं गोल. ही एक युक्ती चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम सगळीकडच्या बहुतेक नाण्यांना चालते आणि मला ती कुणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर खूप वेळ वाचला असता.

दोनच अक्षरं असतील तर नाणं खूप जुनं असू शकतं. उजवीकडे डमरूसारखं अक्षर दिसलं, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या मधे फुली, तर ते 'वू चू'. हान सम्राट वू याने इसवी सनापूर्वी 118 मध्ये ते सुरू केलं आणि इसवी सन 621 पर्यंत वेगवेगळ्या राजवटी ते पाडत राहिल्या. 621 मध्ये थांग घराण्याने 'काई युआन थोंग बाओ' आणलं, साधारण 24-25 मिलिमीटर, चारेक ग्रॅम, आणि पुढची सगळी चार अक्षरी नाणी त्याच धाटणीची.

सर्वात जास्त हाती येतात ती छिंग घराण्याची, 1644 ते 1911. ओळख सोपी, मागच्या बाजूला भोकाच्या डाव्या-उजव्या अंगाला मांचू लिपीतले उभे शब्द असतात, मणक्यासारखे दिसतात. साधारणपणे डावीकडचा शब्द तोच तो, उजवीकडचा टांकसाळीचं नाव सांगतो, त्यामुळे मागचा फोटो पुढच्याइतकाच महत्त्वाचा. पुढे वर-खाली सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव. चियानलोंगची (1736-1795) नाणी ढिगाने मिळतात, युंगचंगची (1723-1735) त्यामानाने कमी, आणि कांगशीच्या (1662-1722) नाण्यात एक गंमत आहे, खालच्या 'शी' अक्षरातली डावीकडची छोटी उभी रेघ गायब असेल तर ते 'लुओहान' नाणं, 1713 मध्ये सम्राटाच्या साठाव्या वाढदिवसाला काढलेलं, लुओहानांच्या, म्हणजे बुद्धाच्या शिष्यांच्या, सोन्याच्या मूर्ती वितळवून बनवल्याची दंतकथा त्याला चिकटलेली आहे. एका रेघेचा फरक, पण भाव वेगळा.

मागे मांचू नसेल तर इतर देशही तपासा. जपानचं 'कानेई त्सूहो' 1600 च्या दशकापासून 1860 च्या दशकापर्यंत चाललं. भिंग घ्या आणि डावीकडच्या अक्षराचे खालचे दोन पाय बघा: एकमेकांना चिकटलेले असतील तर जुना प्रकार, 1668 च्या आधीचा, सुटे दोन ठिपक्यांसारखे असतील तर नंतरचा. मागे लाटा असतील तर ते चार मोनचं (मोन हे तिथलं जुनं चलन), आणि लाटा मोजा कारण 21 लाटांचं फक्त सुरवातीला, 1768 मध्ये आलं, लगेच पुढच्या वर्षी 11 लाटांचं सुरू झालं. लांबट अंडाकृती नाणं म्हणजे 1835 पासूनचं 'तेनपो', शंभर मोनचं. कोरियाच्या 'सांगप्योंग तोंगबो'च्या मागे टांकसाळीचं अक्षर, आकडे असं बरंच काही असतं. व्हिएतनामची बरीचशी पातळ, हलकी आणि मागून कोरी.

आता किंमत, आणि इथंच लोकांची निराशा होते. जुनं म्हणजे महाग असं या नाण्यांत अजिबात नाही. उत्तर सोंग काळातलं नऊशे वर्षांपूर्वीचं साधं नाणं आजही एक-दोन डॉलरला मिळतं, कारण 1080 च्या सुमारास तिथे वर्षाला 50 लाखांहून जास्त माळा नाणी पाडत होते आणि एक माळ म्हणजे नावाला हजार नाणी. पैसे मिळतात ते दुर्मिळ टांकसाळ, कमी दिवस चाललेली कारकीर्द, मोठं मूल्य आणि स्वच्छ उठावदार अक्षरं यांचे. उदाहरणार्थ शियानफंग (1851-1861), थायपिंग बंडामुळे सरकारकडे तांबं आणि पैसा दोन्ही संपत आले म्हणून 10, 50, 100, अगदी 1000 मूल्याची मोठी नाणी काढली, त्यातली काही आज फार महाग जातात. भाव बघताना विक्रेत्याने लावलेली किंमत धरू नका, लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या त्याच प्रकारच्या, तशाच अवस्थेतल्या नाण्याची किंमत शोधा. दोन्हींत प्रचंड फरक असतो.

आणि नकली. जितकं दुर्मिळ तितकं नकली जास्त, शियानफंगची मोठी नाणी तर अक्षरशः सगळीकडे. अस्सल नाणी साच्यात ओतून मग चौकोनी दांड्यावर ओवून कडेने कानस मारत, चौकोनी भोकामुळे ती दांड्यावर फिरत नसत, त्यामुळे कडेवर बारीक कानशीच्या खुणा दिसू शकतात. नकलीत अक्षरं झिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, आणि हिरवा थर दोन्ही बाजूंना रंग मारल्यासारखा एकसारखा. कापसाला थोडं अ‍ॅसिटोन लावून एका कोपऱ्यात टेकवा, हिरवं निघालं तर तो रंगच. लोहचुंबकाला चिकटलं म्हणून लगेच फेकू नका, सोंग काळात आणि जपानमध्येही लोखंडी नाणी होती. वजन मात्र दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा, व्यास व्हर्नियरने मोजा, आणि पाच सम्राटांची पाच नाणी लाल दोऱ्यात बांधून मिळाली तर ती शुभ म्हणून विकायला बनवलेली नवी असण्याचीच शक्यता जास्त.

विकायचं असेल तर दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो खिडकीच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात काढा, फ्लॅश नको, सोबत वजन आणि व्यास लिहा. ठेवायचं असेल तर पीव्हीसीच्या पाकिटात नको, त्याने हिरवा चिकट डाग पडतो, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात एकेक वेगळं ठेवा आणि तुम्ही काय ओळखलंत ते चिठ्ठीवर लिहून आत टाका.